मधला घाट

१८७५ सालचा सप्टेंबर महिना. दापोली तालुक्यातल्या मुरूड गावातून काही मुलं साताऱ्याला जायला निघाली. मराठी सहावीची सरकारी परीक्षा द्यायची होती आणि परीक्षेचं केंद्र सातारा होतं. मुरूड समुद्राकाठी, सातारा घाटमाथ्यावर. अंतर सुमारे एकशे दहा मैल. पावसाळा सरलेला नव्हता, हाताशी दिवस जेमतेम चार. पाठीवर शिदोरी आणि कपड्यांचं गाठोडं घेऊन पोरं चालत सुटली. वाटेत कुंभार्लीचा घाट. भिजत, ठेचकाळत, रात्रीचीही वाट तुडवत ती वेळेत साताऱ्याला पोचली.

त्यांच्यातला एक मुलगा अंगापिंडानं लहान होता. परीक्षेला बसण्यासाठी सतरा वर्षं पूर्ण हवी होती. त्याची ती झालेली होती, तसा दाखलाही त्याच्याजवळ होता. परीक्षा समितीच्या प्रमुखांनी मात्र त्याच्याकडे पाहिलं आणि तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस, असं सांगून त्याला परत पाठवलं. एकशे दहा मैल चालून आलेलं पोर परीक्षेच्या दारातून माघारी फिरलं.

हा मुलगा म्हणजे धोंडो केशव कर्वे. पुढं सारा देश ज्यांना महर्षी म्हणाला आणि १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, ज्यांना भारतरत्न मिळालं, ते अण्णासाहेब. दुसऱ्या वर्षी ते कोल्हापूर केंद्रातून तीच परीक्षा पास झाले. साताऱ्याची हकिकत त्यांनी 'आत्मवृत्ता'त लिहून ठेवली आहे आणि महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांनी ती जिद्दीचा धडा म्हणून वाचली आहे. मलाही ती शाळेत तशीच शिकवली गेली. आता रत्नागिरी जिल्ह्यातल्या शाळा आणि कॉलेजांकडे पाहताना त्या गोष्टीतला दुसरा धडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मुलगा हुशार होता, गावातली शाळा चांगली होती, मास्तर तळमळीचे होते. अडला तो शाळा आणि पुढचं शिक्षण यांच्या मधल्या घाटात. अण्णासाहेबांचं उरलेलं सगळं आयुष्य हा मधला घाट दुसऱ्यांसाठी सोपा करण्यात गेलं.

पहिला नंबर, आणि नंतरचा जून

कोकणाचं स्वतंत्र विभागीय परीक्षा मंडळ रत्नागिरीत २०१२ साली सुरू झालं. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोनच जिल्हे त्यात येतात. तेव्हापासून दहावी-बारावीचा निकाल लागला की पहिल्या पानावरची एक ओळ ठरलेली असते : कोकण विभाग राज्यात अव्वल. २०२४ साली राज्याचा दहावीचा निकाल ९५.८१ टक्के होता, कोकणाचा ९९.०१. बारावीला राज्याचे ९३.३७ टक्के, कोकणाचे ९७.५१. पुढच्या वर्षी दहावीत राज्य ९४.१० वर आणि कोकण ९८.८२ वर. बारावीत राज्य ९१.८८ आणि कोकण ९६.७४.

या आकड्यांचा मला मनापासून अभिमान आहे. त्यांच्यामागं वाडीवस्तीवरच्या शाळेत पावसाळाभर साकव ओलांडून जाणारे शिक्षक आहेत, शेणामातीचे हात धुऊन मुलाला अभ्यासाला बसवणाऱ्या आया आहेत आणि कॉपीला थारा न देणारी जुनी शिस्त आहे. हे मंडळ राज्यात सगळ्यांत लहान. दहावीला पंचवीस-तीस हजारांच्या घरात मुलं बसतात, त्यामुळं शिक्षकाला प्रत्येक मूल नावानिशी ठाऊक असतं, हेही खरं.

पण निकालानंतर जून येतो. राजापूर, लांजा, संगमेश्वरच्या आतल्या गावांतली मुलं पहाटेच्या वस्तीच्या गाडीनं तालुक्याच्या गावी निघतात. रात्री गावात मुक्कामाला थांबलेली ती एसटी चुकली तर पहिला तास गेलाच. अकरावीच्या वर्गात बसल्यावर पहिल्या आठवड्यातच कळतं, की गावच्या शाळेत आपल्याला नावानं हाक मारणारे गुरुजी मागं राहिले. इथं आपला हजेरी क्रमांक आहे. विषयांची नावं बदलली, भाषा बदलली, पुस्तकांची जाडी बदलली. डॉक्टर व्हायचं तर नीट, इंजिनिअर व्हायचं तर सीईटी किंवा जेईई. तिथं दहावीच्या नव्वद टक्क्यांना कुणी विचारत नाही. ज्याच्या घरात कुणी कॉलेज पाहिलेलं नाही, त्या मुलाला हे सगळं एकट्यानं उमजून घ्यावं लागतं. शाळेनं आपलं काम केलेलं असतं. कॉलेजही आपलं काम करतच असतं. दोघांच्या मधलं काम कुणाचं, हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नसतं.

हे मधलं काम आयुष्यभर करणारी माणसं रत्नागिरीच्या मातीनं पूर्वी दिली आहेत. त्यांनी ते कसं केलं, हे बारकाईनं पाहण्यासारखं आहे.

हायस्कुलातून विद्यापीठापर्यंत

रत्नागिरीच्या सरकारी हायस्कुलापासून सुरुवात करू. मालवणात जन्मलेले रामकृष्ण गोपाळ भांडारकर वडिलांच्या बदलीमुळं रत्नागिरीला आले आणि इथल्या शाळेत शिकले. पुढं एल्फिन्स्टन कॉलेज आणि मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांत स्थान. एवढा विद्वान माणूस १८६०च्या दशकात पुन्हा रत्नागिरीला आला, तो त्याच गावच्या हायस्कुलाचा मुख्याध्यापक म्हणून. संस्कृत शिकणाऱ्या शाळकरी मुलांसाठी त्यांनी 'मार्गोपदेशिका' आणि तिच्या पुढचं पुस्तक लिहिलं, ते याच दशकात. पाठांतरावर चालणारं संस्कृत त्यांनी नियम, उदाहरण आणि सराव अशा पायऱ्यांनी मांडलं. शाळेत ही पुस्तकं केलेला मुलगा कॉलेजात संस्कृत घ्यायला बिचकत नसे, कारण शाळेची शेवटची पायरी आणि कॉलेजची पहिली पायरी एकाच हातानं बांधलेली होती. भांडारकर पुढं मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

चाळीसेक वर्षांनी त्याच हायस्कुलात आणखी एक शिक्षक संस्कृत शिकवत होते, पांडुरंग वामन काणे. चिपळूण भागातला जन्म, दापोलीच्या मिशन हायस्कुलातून मॅट्रिक, मुंबईच्या विल्सन कॉलेजातून पदवी आणि मग रत्नागिरीला शाळामास्तरकी. धर्मशास्त्राचा अनेक खंडांचा इतिहास लिहिणारे हे काणे १९४७ साली मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले, १९६३ साली भारतरत्न. कोकणातल्या एकाच हायस्कुलात फळ्यापुढं उभे राहिलेले दोन शिक्षक एका विद्यापीठाचे कुलगुरू व्हावेत, ही गोष्ट रत्नागिरीच्या प्रत्येक शाळेत सांगायला हवी. त्या काळी शाळा आणि विद्यापीठ ही दोन वेगळी जगं नव्हती. एकच माणूस दोन्हीकडे ये-जा करत असे.

मराठी माणसानं स्वतःच्या हिमतीवर कॉलेजं काढली तीही शाळेच्या वाटेनंच. रत्नागिरीत जन्मलेले टिळक हे शिक्षण खात्यात शाळा तपासणाऱ्या गंगाधरपंतांचे चिरंजीव. चिपळूणकर आणि आगरकर यांच्या सोबतीनं त्यांनी १८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल उभं केलं. शाळा नावारूपाला आल्यावर १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज. आपल्या लोकांनी शाळा आधी काढली आणि तिच्यातली मुलं पुढं कुठं जाणार या काळजीतून कॉलेज उगवलं. अशा कॉलेजला आपला विद्यार्थी कुठून आला, हे ठाऊक होतं.

मुरूडचे मास्तर आणि मुरूडचा फंड

अण्णासाहेबांना हा वारसा पहिल्यांदा मिळाला तो गावातल्या एका शिक्षकाकडून, सोमण गुरुजींकडून. गावाला वर्तमानपत्र वाचून दाखवावं म्हणून गुरुजींनी मुलांना पुढं केलं. मुरूडच्या दुर्गादेवीच्या देवळात धोंडो लोकांना बातम्या वाचून दाखवू लागला. बुजऱ्या मुलाला चार माणसांपुढं उभं करणारं ते पहिलं व्यासपीठ. इंग्रजीची सुरुवातही गुरुजींच्याच आधारानं गावात झाली. पुढं रत्नागिरीच्या हायस्कुलात जाऊन पाहिलं, पण आजारपणानं परत यावं लागलं. अखेर मुंबईच्या रॉबर्ट मनी शाळेतून १८८१ साली, म्हणजे वयाच्या तेविसाव्या वर्षी, मॅट्रिक. १८८४ साली एल्फिन्स्टनमधून गणित घेऊन बीए. आज तेविसाव्या वर्षी मुलगा नोकरी शोधत असतो. कर्वे तेव्हा कुठं कॉलेजच्या दारात पोचले होते. मधल्या घाटात माणसाची किती वर्षं जातात, हे त्यांनी स्वतःच्या अंगावर मोजलेलं होतं.

मुंबईत मिळवते झाल्यावर त्यांनी दोन गोष्टी केल्या. पहिली, गावच्या लोकांना गाठून मुरूड फंड उभा केला. बाहेरगावी कमावणाऱ्यांनी मिळकतीतला वाटा काढायचा आणि गावच्या शाळेसारख्या कामाला लावायचा. कोकणात पुढं हीच रीत रूढ झाली. परळ-लालबागच्या चाळीत दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या चाकरमान्यांनी ग्रामस्थ मंडळं काढली, वर्गण्या गोळा केल्या, नाटकांचे प्रयोग लावले आणि गावाकडं हायस्कूल उभं केलं. आज रत्नागिरी जिल्ह्यात आतल्या गावांत जाल तर शाळेच्या भिंतीवरच्या संगमरवरी पाटीवर देणगीदारांची नावं वाचा. गिरणीतल्या, गोदीतल्या, बेस्टमधल्या माणसांनी दिलेले रुपये त्या पाटीवर आहेत. ज्यांना स्वतःला सातवीनंतर मुंबईची वाट धरावी लागली, त्यांनी पुढच्या पिढीसाठी घाटातली पहिली पायरी खोदली.

दुसरी गोष्ट, कर्व्यांनी मुरूडशेजारच्या मुर्डी गावातल्या, नात्यातल्या एका हुशार मुलाला मुंबईला शिकायला आणलं. स्वतःची बिऱ्हाडं बदलत, शिकवण्या करत असताना या मुलाचं राहणं, शाळा, अभ्यास सगळं पाहिलं. हा मुलगा रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. मॅट्रिकला पहिला, फर्ग्युसनचा विद्यार्थी आणि १८९९ साली केंब्रिजचा सीनियर रँग्लर. तो मान मिळवणारा पहिला भारतीय. परत येऊन फर्ग्युसनचे प्राचार्य. १९२१ ते १९२३ मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री; प्राथमिक शिक्षणाचा १९२३ सालचा कायदा त्यांच्याच कारकिर्दीतला. एका मुलाचा हात धरून त्याला घाट ओलांडून दिला, तर तो मुलगा पुढं हजारो मुलांसाठी रस्ता करतो, याचं याहून मोठं उदाहरण मला ठाऊक नाही.

हिंगण्याची पायवाट

१८९१ साली कर्वे फर्ग्युसनमध्ये गणिताचे प्राध्यापक झाले. त्याच वर्षी पत्नी राधाबाई गेल्या. दोन वर्षांनी त्यांनी देवरुखच्या बालविधवा गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाई पुढं आनंदीबाई, आणि सगळ्यांच्या बाया कर्वे झाल्या. विवाहानंतर ही दोघं मुरूडला गेली तेव्हा गावानं बहिष्कार घातला. ज्या गावासाठी फंड उभा केला, त्याच गावानं पंक्तीला बसू दिलं नाही. अण्णासाहेबांनी गावावर राग धरला नाही आणि कामही सोडलं नाही.

१८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम निघाला आणि १९०० साली तो हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत गेला. इथलं एक दृश्य डोळ्यांपुढं आणा. दिवसा फर्ग्युसनच्या वर्गात बीएच्या मुलांना गणित. कॉलेज सुटल्यावर पाठीवर, हातात आश्रमाचं सामान घेऊन चार मैलांची पायपीट. पावसाळ्यात चिखल इतका, की पाय रुतायचे. संध्याकाळी झोपडीत अक्षर-ओळख नसलेल्या विधवांना शिकवायचं आणि सकाळी परत कॉलेज. वर्षानुवर्षं हा क्रम. शाळा आणि कॉलेज जोडायचं म्हणजे काय, याची व्याख्या मला विचाराल तर मी ही पायवाट दाखवीन. बीए आणि ग म भ न यांच्यामधलं अंतर एक प्राध्यापक रोज स्वतःच्या पायांनी कापत होता.

बायांच्या भगिनी पार्वतीबाई आठवले या त्या पायवाटेचं फळ. त्याही देवरुखच्या. विसाव्या वर्षी वैधव्य आलं, सव्विसाव्या वर्षाच्या आसपास अक्षरं गिरवायला सुरुवात केली. शिकल्या, आश्रमाच्या आधारस्तंभ झाल्या, गावोगाव हिंडून निधी जमवला आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर इंग्रजी शिकण्यासाठी एकट्या अमेरिकेला गेल्या. तिथं परक्या घरांत घरकाम करून राहिल्या. देवरुखची अक्षरशत्रू विधवा आणि अमेरिकेतला तो मुक्काम यांच्यामध्ये कुणीतरी एकेक पायरी ठेवत गेलं, म्हणून हे घडलं.

अण्णासाहेबांचं काम कसं वाढलं ते क्रमानं पाहिलं की त्यांचा विचार स्पष्ट होतो. आश्रमात विधवा शिकू लागल्या. मग कुमारिकांनाही लग्नाआधी शिकता यावं म्हणून १९०७ साली महिला विद्यालय. विद्यालयातल्या मुली पुढं कुठं जाणार? म्हणून १९१६ साली महिला पाठशाळा हे कॉलेज आणि त्यावर भारतीय महिला विद्यापीठ. पहिले कुलपती होते भांडारकर, रत्नागिरीच्या हायस्कुलाचे जुने मुख्याध्यापक. पहिले कुलगुरू परांजपे, मुर्डीहून आणलेला तो मुलगा. १९२० साली विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचं, नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचं नाव मिळालं.

या विद्यापीठाची रचना मला फार मोलाची वाटते. शिकवण्याचं माध्यम मातृभाषा, इंग्रजी हा सक्तीचा विषय. प्रवेशपरीक्षा विद्यापीठाची स्वतःची आणि त्या परीक्षेला मुली तयार करणाऱ्या शाळा त्याच परिवारातल्या. शाळेत ज्या भाषेत विचार करायला शिकलात त्याच भाषेत कॉलेजात विचार करा, जगाशी बोलायला इंग्रजी शिका. शाळा संपून कॉलेज सुरू होतं तिथली सगळ्यांत उंच भिंत भाषेची असते. अण्णासाहेबांनी ती भिंत मुळात बांधलीच नाही.

एका वहीची गोष्ट

ही भिंत किती उंच असते हे मला ठाऊक आहे, कारण मी तिला धडकलेलो आहे.

मी मराठी माध्यमाच्या गावच्या शाळेत शिकलो. विज्ञान आवडायचं. विस्थापन, त्वरण, संवेग, जडत्व हे शब्द मला घरच्या भांड्यांइतके ओळखीचे होते. अकरावीला सायन्स घेतलं आणि पहिल्याच तासाला फळ्यावर डिस्प्लेसमेंट, ॲक्सलरेशन, मोमेंटम, इनर्शिया उतरले. शिकवणारे सर चांगले होते, पण वर्गात शंभरावर मुलं होती आणि अभ्यासक्रम मोठा होता. पंधरा दिवस मी नुसतं उतरवून घेत होतो. सगळ्यांना येतं, मला येत नाही, असं वाटायचं. खरं म्हणजे सगळं मला येत होतं, फक्त त्याचं नाव मला ठाऊक नव्हतं. त्या पंधरा दिवसांत सायन्स सोडून आर्ट्सला जायचा अर्ज मी दोनदा लिहिला आणि दोनदा फाडला.

शेजारच्या वाडीतला एक मुलगा आमच्या पुढं एक वर्ष होता. एसटीत त्यानं माझा चेहरा पाहिला असावा. दुसऱ्या दिवशी त्यानं मला एक शंभर पानी वही दिली. पानाच्या मधोमध उभी रेघ. डावीकडं इंग्रजी शब्द देवनागरीत आणि रोमनमध्ये, उजवीकडं मराठी. व्हॅलन्सी – संयुजा. रिफ्रॅक्शन – अपवर्तन. टिश्यू – ऊती. बेस – आम्लारी. मायटोकाँड्रिया – तंतुकणिका. वहीच्या कोपऱ्यांना तेलाचे डाग होते आणि आत तीन वेगवेगळी अक्षरं होती. त्यालाही ती आणखी कुणाकडून तरी मिळालेली होती. मी आठ दिवसांत ती उतरवून काढली. नवव्या दिवशी वर्गात सर बोलले ते मला समजलं. माझं अक्षर त्या वहीतलं चौथं.

त्या वहीनं मला जे दिलं ते द्यायला फार पैसा लागला नसता. आमच्या शाळेचे विज्ञानाचे गुरुजी आणि कॉलेजचे सर उन्हाळ्याच्या सुट्टीत एक दिवस एकत्र बसले असते, तर अशी वही छापून प्रत्येक मुलाच्या हातात पडली असती. पण ते दोघं एकमेकांना कधी भेटलेले नव्हते. अंतर होतं बावीस किलोमीटरचं.

ओटीवर बसलेली मुलं

भाषेच्या भिंतीहून जुनी भिंत जातीची. तिच्याविषयी बोलल्याशिवाय रत्नागिरीची ही गोष्ट खरी होणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दापोलीत महार समाजातल्या निवृत्त सैनिकांनी आपली मुलं नगरपालिकेच्या शाळेत घ्यावीत म्हणून सरकारदरबारी अर्ज केले. ती मुलं शाळेत आली, पण त्यांना बसवलं ओटीवर, वर्गाबाहेर. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यातलं. त्यांचे वडील रामजी सुभेदार निवृत्तीनंतर याच दापोलीत येऊन राहिले होते. ज्यांना शाळेच्या दारातच अडवलं, त्यांना कॉलेजपर्यंत न्यायचं तर शाळा, वसतिगृह आणि कॉलेज ही अख्खी साखळी नव्यानं घडवावी लागते, हे बाबासाहेबांनी ओळखलं. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज. दिवसा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावं म्हणून तिथं सकाळचे वर्ग ठेवले. विद्यार्थ्यानं कॉलेजच्या वेळेत बसावं अशी सगळीकडची रीत असताना या कॉलेजनं विद्यार्थ्याच्या दिवसात आपली जागा शोधली.

कुणबी समाजातल्या मुलांसाठी शामराव पेजे झटले. कसणाऱ्या कुळाच्या मुलानं शिकायचं तर आधी तालुक्याच्या गावी त्याला पथारी टाकायला जागा हवी. रत्नागिरीतल्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाला आज त्यांचं नाव आहे.

पुन्हा जोडायचं कसं

रत्नागिरीत पहिलं कॉलेज निघालं १९४५ साली, म्हणजे आजचं गोगटे-जोगळेकर महाविद्यालय. त्याआधी मॅट्रिक झालेल्या मुलानं मुंबईची बोट धरायची नाहीतर घाट चढून कोल्हापूर-सांगली-पुणे गाठायचं. मुलींचा प्रश्न बहुतेक घरांत तिथंच संपायचा. आज चित्र पुष्कळ बदललं आहे. दापोलीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, मुंबई विद्यापीठाचा उपपरिसर आहे, अलीकडे शासकीय अभियांत्रिकी आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही जिल्ह्यात आलं. कॉलेजं जवळ आली. पण कॉलेज जवळ येणं आणि मुलापर्यंत पोचणं यांत फरक आहे.

यावरचा उपाय मराठी माणसानंच देशाला सुचवला होता. कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक १९६४ ते १९६६ च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात त्यांनी खेड्यातलं शिक्षण जवळून पाहिलेलं होतं. आयोगानं शाळा संकुलाची कल्पना मांडली. एका माध्यमिक शाळेभोवती परिसरातल्या प्राथमिक शाळा जोडाव्यात. प्रयोगशाळा, ग्रंथालय, शिक्षक वाटून घ्यावेत. कॉलेजांनीही भोवतालच्या शाळांना हात द्यावा. आपल्या जिल्हा परिषदांत दहा-बारा शाळांमागे एक केंद्रशाळा आणि एक केंद्रप्रमुख आहे, त्याच्या मुळाशी हाच विचार आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं पाच ते दहा किलोमीटर परिघातलं शाळा संकुल पुन्हा मांडलं.

कोकणात या कल्पनेची एक भीतीही आहे आणि ती रास्त आहे. वाड्या विरळ, मुलं कमी, वीसच्या आत पट असलेल्या शाळा पुष्कळ. जोडणं म्हणजे लहान शाळा बंद करून मुलांना लांबच्या मोठ्या शाळेत हलवणं, असा अर्थ काढला तर पहिलं नुकसान होईल ते पऱ्ह्यापलीकडच्या वाडीतल्या मुलीचं. नाईकांच्या मनातलं जोडणं हे नव्हतं. शाळा जिथं आहे तिथं राहावी आणि तिच्यापर्यंत मोठ्या शाळेचं, कॉलेजचं बळ यावं, असं ते होतं.

हे बळ येतं कसं, तर माणसांमधून. मधलं काम करणारे आजही आहेत. स्वतःच्या दुचाकीवरून दहा शाळा फिरणारा केंद्रप्रमुख, दहावीनंतर मुलांचे अकरावीचे अर्ज रात्री बसून भरून देणारी बाई, जातीच्या दाखल्यासाठी पालकाबरोबर तहसील कार्यालयात जाणारे मुख्याध्यापक. त्यांच्या या कामाचा तासिकेत हिशेब नाही आणि गोपनीय अहवालात रकाना नाही.

माझं मागणं साधं आहे. प्रत्येक तालुक्यातल्या कॉलेजनं आपल्याकडे मुलं पाठवणाऱ्या हायस्कुलांची यादी करावी आणि वर्षातून दोनदा तिथले शिक्षक आणि आपले प्राध्यापक एका खोलीत बसवावेत. नववी-दहावीच्या मुलांना वर्षातले चार शनिवार कॉलेजची प्रयोगशाळा उघडी असावी. आपल्या शाळांतल्या निवडक मुलांना रत्नागिरी जिल्हा परिषदेनं इस्रो आणि नासा दाखवून आणलं, ही फार चांगली गोष्ट झाली; तीच मुलं अकरावीत कशी टिकतात, याचीही कुणीतरी नोंद ठेवावी. अकरावीत आलेल्या मराठी माध्यमाच्या प्रत्येक मुलाच्या हातात पहिल्या दिवशी शब्दांची ती वही असावी. आणि पहिल्या सहामाहीत नापास झालेल्या मुलाबद्दल कॉलेजनं त्याच्या जुन्या शाळेला एक फोन करावा. तिथल्या गुरुजींना त्याच्या घरची वाट ठाऊक असते.

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी

शेवटी पुन्हा अण्णासाहेबांकडे. १९३६ साल. वय अठ्ठ्याहत्तर. विद्यापीठ उभं राहिलेलं, जगप्रवास झालेला, कीर्ती झालेली. इतकं करून बसलेल्या माणसानं आता विश्रांती घेतली असती तर कुणी बोट दाखवलं नसतं. त्या वर्षी त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढलं, ज्या खेड्यांत शाळाच नाही तिथं शाळा सुरू करण्यासाठी. तुटपुंज्या पेन्शनीतला वाटा त्याला दिला आणि वर्गणीसाठी दारोदार फिरले. कॉलेजच्या गणितापासून सुरू झालेलं काम विद्यापीठाच्या शिखरापर्यंत गेलं आणि तिथून तो म्हातारा माणूस पायऱ्या उतरत पहिलीच्या वर्गात येऊन बसला.

मला वाटतं, साताऱ्याच्या दारातून परत फिरलेला तो मुलगा त्यांना कधी विसरता आला नाही. त्याला दुसरं वर्ष मिळालं, कोल्हापूर मिळालं, पाठीशी सोमण गुरुजी मिळाले. मुरूडहून त्याच्यासोबत चाललेल्या बाकीच्यांची नावं आज कुणाला आठवत नाहीत. पहाटेच्या वस्तीच्या गाडीत खिडकीशी डोकं टेकून झोपलेली मुलं पाहिली की मला ती आठवतात. त्यांच्यातल्या प्रत्येकाजवळ दाखला आहे. दारात उभ्या असलेल्या माणसानं तो वाचायला हवा.